टायरवरचे चार आकडे

आमच्या मामूंची अँबेसिडर त्यांच्या इंतकालानंतर सात वर्षे धामणगावच्या घरामागे टिनाच्या शेडखाली उभी होती. १९८६ ची मार्क फोर, रंग पांढरा. मामूंची कापसाची लहानशी अडत होती. गाडी त्यांनी हौसेने घेतली, पण वापरली ती सगळ्या मोहल्ल्याने. रात्री-बेरात्री अडलेल्या बाईला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचे, हजला निघालेल्यांना बडनेरा स्टेशनावर पोचवायचे, कुणाची नवरी आणायची, कुणाच्या मयतीला पाहुणे न्यायचे, ही कामे त्या गाडीने तीस वर्षे केली. शेजारच्या मारवाडी कुटुंबाच्या दोन वरातीही तिच्यातूनच निघाल्या.

२०२४ च्या हिवाळ्यात मामेभावाने ती बाहेर काढली. तो पुण्याला नोकरी करतो. त्याच्या मुलीचा निकाह धामणगावला ठरला होता, सासर नागपूरचे. दादाजानच्या गाडीतूनच रुखसत व्हायचे, असा मुलीचा हट्ट होता. इंजिन उघडून झाले, ब्रेकचे ड्रम साफ झाले, आत नवे रेग्झिन चढले. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अमरावतीची तारीखही मिळाली. राहिली होती चाके. चाकांवरून घरात जो वाद झाला, त्यामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. वाद वरवर पाहता आवडीनिवडीचा होता. पुढे तो तसा राहिला नाही.

मामेभावाला मोठी चाके हवी होती. मोबाईलवर त्याने एक फोटो दाखवला. काळीभोर अँबेसिडर, खाली सतरा इंची चकाकणारी अलॉय चाके, त्यांवर रुंद आणि बुटके टायर. टायरचे माप २१५/४५ आर १७. तो म्हणाला, "भाई, अब्बांची गाडी आहे. तिला शोभेल असंच काहीतरी बसवायचं." मी वयाने मोठा, शिवाय निवृत्त मास्तर. मला त्यात नसता खर्च दिसला. मी त्याला इस्राफवर व्याख्यान दिले आणि वर म्हणालो, "आहेत ते टायर काय वाईट आहेत? नक्षी बघ, जशीच्या तशी आहे. मामूंनी हे टायर घातले आणि पुढे गाडी फारशी फिरलीच नाही. हवा भर आणि चल."

म्हणजे त्याची निवड डोळ्यांनी केलेली होती आणि माझी खिशाने. दोघांनाही आपली बाजू धर्माची वाटत होती. तो म्हणत होता, ही बापाची कदर आहे. मी म्हणत होतो, ही काटकसर आहे. रस्ता मात्र दोघांच्याही बोलण्यात नव्हता.

शेवटी आम्ही गावाबाहेरच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. चाचा सत्तरीच्या पुढचे. लहानपणी ते बंडीच्या चाकांना धाव बसवणाऱ्या लोहाराकडे भाता ओढायला होते. लोखंडाची धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवायची, लाल झाली की लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची. धाव सैल राहिली तर भरल्या कपाशीची बंडी वाटेतच बसते, हे त्यांचे पहिले शिक्षण. पुढे बंडीलाही रबरी टायर आले आणि चाचा टायरच्या कामाला लागले.

आम्ही दोघांनी आपापली बाजू मांडली. चाचांनी नक्षीकडे पाहिलेही नाही. ते उकिडवे बसले, ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली आणि एका लंबगोल चौकटीतले चार आकडे बोटाने दाखवले : ३२०९.

"वाच बेटा," ते मामेभावाला म्हणाले. "बत्तिसावा हप्ता, सन दोन हजार नऊ. पंधरा सालं झाले याले. हा टायर फिरला नाही, पण म्हातारा झाला."

मग त्यांनी अंगठ्याने टायरची बाजू दाबली. केसासारख्या बारीक भेगा उघडल्या आणि अंगठा काढताच मिटल्या. जी नक्षी दाखवून मी मामेभावाला गप्प करू पाहत होतो, ती खरीच शाबूत होती. तिच्याखालचे रबर संपले होते.

टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २००० सालापासून ही पद्धत रूढ आहे. आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या असतील, पण हे आकडे किती जणांनी वाचले असतील, याची मला शंका आहे. टायर झिजतो तसा तो कुजतोही. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी रबर कडक होत जाते. रबरात मेणासारखी काही संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. गाडी फिरती असली की टायर दबतो, सुटतो आणि ती द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत तेही होत नाही. वऱ्हाडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, टिनाखाली, एकाच बाजूवर भार देऊन सात वर्षे उभ्या राहिलेल्या टायरचे काय होणार? नक्षी कितीही असो, दहा वर्षांनंतर टायर वापरू नये असे अनेक टायर कंपन्या सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहाच वर्षे धरतात.

माझी काटकसर अशी एका अंगठ्याने निकालात निघाली. मामेभाऊ खूश झाला. पण चाचांनी त्याचाही फोटो बाजूला ठेवला आणि हिशेब मांडला. तो हिशेब इथे देतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

अँबेसिडरचे वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. सहा माणसे बसली की दीड टन. प्रत्येक चाकावर सुमारे पावणेचारशे किलो. टायरमध्ये २८ पौंड हवा असेल, तर एवढा भार तोलायला तीस चौरस इंचांच्या जवळपास रबर जमिनीला टेकलेले असते. पाच इंच बाय सहा इंच, म्हणजे उघडलेल्या तळहाताएवढे. नवरी, तिची आई, तिच्या मावश्या, ड्रायव्हर आणि समोरून येणारा अनोळखी सायकलवाला, या सगळ्यांचा जीव अशा चार तळहातांवर असतो.

या गाडीचे मूळ टायर ५.९०-१५ मापाचे, उंच आणि अरुंद. कारागीर त्यांना 'नायलॉन' म्हणतात. त्यांचा व्यास सव्वीस इंचांच्या आसपास, साधारण ६६० मिलिमीटर. फोटोतल्या सतरा इंची चाकाचा आणि बुटक्या टायरचा मिळून व्यास भरतो ६२५. चाक मोठे दिसते, प्रत्यक्षात ते लहान झालेले असते. गाडी सतरा-अठरा मिलिमीटर खाली बसते. स्पीडोमीटर पाच टक्के खोटे बोलू लागतो. उंच टायर खड्ड्याचा धक्का स्वतः पितो. बुटक्या टायरखाली तो धक्का थेट चाकाच्या कडेवर बसतो आणि आपल्याकडचे रस्ते तर सर्वांना ठाऊक आहेत. चाक बाहेर काढून बसवावे लागले तर बेअरिंगवर ताण येतो. आत सरकले तर वळताना टायर मडगार्डला घासतो. गाडीचे स्टिअरिंग आणि ब्रेक ज्या काळासाठी घडले, त्या काळात एवढा रुंद टायर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९५७ पासून बनवली, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले. सत्तावन वर्षांत तिचा चेहरा थोडा बदलला, हाडे फारशी बदलली नाहीत.

कायदाही चाचांच्या बाजूने होता. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला ९४ वा नियम मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असे सांगतो. पण इथेच एक गंमत आहे. आमचे पंधरा वर्षांचे टायर या १.६ मिलिमीटरच्या कसोटीला सहज उतरले असते. कायद्याच्या मापात बसलेली गोष्ट नीतीच्या मापात बसतेच असे नाही, हे मी वर्गात मुलांना अनेकदा सांगितले होते. ते असे माझ्याच पायाशी येऊन पडेल असे वाटले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माणसाने आपल्या वस्तूला सजवावे का? मी मामेभावाला इस्राफ म्हणून जे ऐकवले ते योग्य होते का?

मला वाटते, मी घाई केली. आपल्या दीनमध्ये जीनतला मनाई नाही. सौंदर्य अल्लाहला पसंत आहे ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलगी दादाच्या गाडीतून सासरी जाणार, ती गाडी चकचकीत असावी, यात रिया कुठे आली? बापाच्या आठवणीवर खर्च करणाऱ्या मुलाला उधळ्या म्हणणे सोपे असते, विशेषतः तो खर्च आपल्या खिशातून जाणार नसेल तेव्हा. रिया आणि जीनत यांच्यातली रेषा बाहेरून दिसत नाही. ती ज्याच्या-त्याच्या मनात असते आणि दुसऱ्याच्या मनाचा पंचनामा करण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही.

पण चाकाची गोष्ट वेगळी आहे. गाडीचा रंग, आतले रेग्झिन, आरशाला बांधलेली फुले ही सगळी मालकाची. चाकातून मात्र गाडी रस्त्याला भिडते आणि रस्ता सर्वांचा. तिथे माझ्या आवडीला दुसऱ्याच्या हक्काची हद्द लागते. हुकूकुल इबाद म्हणून आपण ज्याचा उच्चार करतो, ते देण्याघेण्यापुरते आणि शेजाऱ्याच्या भिंतीपुरते नसते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला मी ओळखत नाही. त्याने माझा टायर पाहिलेला नाही, त्याची संमती कुणी विचारलेली नाही. तरी माझ्या निवडीचा परिणाम त्याच्यावर होऊ शकतो. म्हणून चाक निवडताना आधी त्याचा हक्क आणि मग माझी जीनत, हा क्रम मला बरोबर वाटतो. काटकसरही या क्रमात जीनतच्याच रांगेत उभी राहते. दुसऱ्याचा जीव पणाला लावून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे, ते न विचारता घेतलेले कर्ज आहे.

कुणी म्हणेल, आमालचा दारोमदार नीयतवर आहे. माझी नीयत साफ होती. मला टायरचे वय ठाऊकच नव्हते. हे खरे आहे. पण नीयत हा मी आणि माझा रब यांच्यातला मामला आहे. रस्त्यावर पडलेल्या माणसाला माझ्या साफ नीयतचा काय उपयोग? आपल्या फिकहनेही हे ओळखलेले आहे. चुकून, इरादा नसताना हातून कुणाचा जीव गेला, तरी दियत आणि कफ्फारा सांगितला आहेच. म्हणजे न जाणणे हे गुन्ह्याचे स्वरूप बदलते, जबाबदारी पुसत नाही. शिवाय जे चार आकडे वाचायला ओले फडके आणि अर्धा मिनिट पुरतो, ते 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे किती दिवस चालणार?

इथवर मी मास्तरांच्या थाटात लिहिले. आता जे लिहायचे आहे ते इतके सोपे नाही.

चाचा त्या टायरवर अंगठा दाबत होते तेव्हा मला २०१६ साल आठवत होते. त्या वर्षी मी माझी लहान मोटार विकली. तिच्या पुढच्या एका टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. टायरच्या आतले धागे तुटले की हवा रबराला तिथून बाहेर ढकलते. असा टायर महिनाभरही चालेल किंवा पुढच्याच वळणावर फुटेल. मला हे माहीत होते. नवा टायर घ्यायचा तर विक्रीच्या किमतीतून पैसे जाणार. दुसऱ्या गावातल्या एका दुकानदाराने मार्ग सुचवला. टायर उलटा बसवायचा म्हणजे फुगा आतल्या बाजूला जातो. वरून काळे पॉलिश मारले की चारी टायर नवे दिसतात. मी हो म्हणालो. गाडी घ्यायला एक तरुण आला होता. सोबत त्याची बायको होती, तिच्या मांडीवर मूल होते. त्याने चाकांकडे पाहून "टायर चांगले आहेत" असे म्हटले आणि मी गप्प राहिलो. खोटे बोललो नाही, असे तेव्हा मनाला समजावले.

मदिनेच्या बाजारातली हकीकत आपल्या वाचकांना सांगायला नको. पैगंबर साहेबांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओला लागला. विकणाऱ्याने सांगितले की पाऊस पडला होता. त्यावर ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. या हकीकतीतली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पाऊस पडला हा त्या माणसाचा दोष नव्हता. धान्य ओले झाले हाही नव्हता. ओले धान्य विकायलाही त्याला कुणी रोखले नाही. ओलावा खाली आणि सुके दाणे वर, हा क्रम त्याने लावला, एवढाच त्याचा दोष. आमच्या धामणगावच्या बाजारात कपाशीच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणारे व्यापारी मी जन्मभर पाहिले. मामू तर नुसत्या बोटांनी सांगायचे. आणि त्यांच्याच भाच्याने फुगा आतल्या बाजूला फिरवला.

पुढे काय झाले? माझ्या माहितीप्रमाणे काही झाले नाही. त्या तरुणाचा फोन आला नाही, अपघाताची बातमी आली नाही. आठ वर्षे मी या 'काही झाले नाही'च्या आधारावर शांत झोपलो. तो आधार खरा आहे का, हा प्रश्न चाचांच्या दुकानात प्रथमच माझ्यापुढे उभा राहिला.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला नाव दिले आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 'नैतिक नशीब' या विषयावर मांडणी केली. नेगेल यांनी ब्रेक न तपासलेल्या ट्रकवाल्याचे उदाहरण घेतले आहे. वाटेत मूल आडवे आले तर तो जन्मभर स्वतःला दोष देईल. मूल आलेच नाही, तर तीच हयगय त्याला आठवणारही नाही. हयगय दोन्हीकडे सारखीच. फरक मुलाच्या येण्या-न येण्याचा, जो त्याच्या हातात नव्हता. मग एकजण गुन्हेगार आणि दुसरा भला माणूस कसा?

मला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही. दुनियेच्या न्यायाला परिणाम पाहावाच लागतो; नाहीतर दियत कुणाला द्यायची? पण मी स्वतःचा न्याय करायला बसलो तर परिणामामागे लपता येत नाही. मी फुगा फिरवला त्या क्षणी माझे काम पुरे झाले होते. पुढचे वळण, त्या दिवसाचे ऊन, टायरमधली हवा यांनी मला वाचवले असेल तर ती अल्लाहची मेहरबानी. ती माझ्या सचोटीच्या खात्यात मी जमा करू शकत नाही.

आपण उलटेही करतो. टायर फुटला की 'तकदीर' म्हणतो. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण तोंडपाठ असणारी माणसेही मोटारीच्या बाबतीत उंट मोकळाच सोडतात आणि आरशाला तावीज बांधतात. आमच्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. सिमेंट-काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मुभा. सुरुवातीच्या महिन्यांत टायर फुटून इतके अपघात झाले की २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही चालकाने आधी टायर फुटल्याचेच सांगितले. अमरावतीच्या परिवहन अधिकाऱ्यांना तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. टायर कधी खरोखर फुटतो, कधी नुसता नावाला फुटतो. दोन्ही वेळा माणूस मात्र चौकटीबाहेर राहतो, जणू चाक कुणी निवडलेलेच नव्हते.

चाचांनी मात्र निवड केली. मामेभाऊ म्हणाला, "चाचा, अलॉय चाकं मी पुण्याहून आणतो. तुम्ही फक्त बसवून द्या. मजुरी दुप्पट घ्या."

"मजुरी राहू दे बेटा. मी बसवत नाही. दुसरीकडं बसवशील तर मी तुले रोखू शकत नाही. पण पोरगी बसणार हाय तिच्यात. रात्री नींद मले लागली पाह्यजे ना."

त्यांना त्या दिवशी कुणी विचारणार नव्हते. तपासायला निरीक्षक येणार नव्हता. इस्लामी शहरांत पूर्वी मुहतसिब असत. बाजारातली मापे, मालातली भेसळ ते पाहत. अकराव्या शतकातल्या अल्-मावर्दी यांनी तर नावेवर जादा भार चढू न देणे हेही मुहतसिबाच्या कामात धरले आहे. चाचांना ना पद, ना पगार. दुप्पट मजुरी नाकारून त्यांनी ते काम केले.

पंक्चर काढणे हा शब्द आपल्या समाजाला टोमण्यासारखा ऐकवला जातो, हे वाचकांना माहीत आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांत नोकरीपेक्षा स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त असल्याचे दाखवले. त्याची कारणे आपण जाणतो. आपली मुले शिकावीत, त्यांना याच दुकानात बसण्याची सक्ती नसावी, यासाठी झगडलेच पाहिजे. पण टोमण्याने दुखावून आपणही त्या कामाला हलके समजू लागलो तर टोमणा मारणाऱ्याचेच म्हणणे मान्य केल्यासारखे होईल. मी शिकलेला माणूस. वर्गात नीतीचे धडे दिले आणि फुगा आत फिरवायला सांगितला. चाचा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी गिऱ्हाईक जाऊ द्यायची तयारी ठेवली. अमानत कुणाच्या हातात राहिली?

शेवटी चाचांनी जे सुचवले तेच झाले. मूळच्या पंधरा इंची लोखंडी डिस्क काढल्या, घासल्या, वाकलेली एक बदलली. त्यांवर १६५/८० आर १५ मापाचे रेडियल टायर. व्यास ६४५ मिलिमीटर, म्हणजे मुळाशी फरक दोन-अडीच टक्क्यांचा. भारांक ८७, याचा अर्थ एकेक टायर ५४५ किलो पेलू शकतो. जुन्या डिस्कच्या कडा ट्यूबलेससाठी घडवलेल्या नसतात, म्हणून आत ट्यूब घातल्या. नायलॉन आणि रेडियल यांची भेसळ एकाच गाडीत नको, म्हणून स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घेतली. चाचांनी प्रत्येक टायरचे चार आकडे मामेभावाला वाचायला लावले आणि सहा महिन्यांच्या आतलेच ठेवले. जीनतचाही हक्क राहिला. डिस्कला दुधी पांढरा रंग दिला आणि मामूंच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेल्या मूळ व्हीलकॅप नव्याने क्रोम करून आणल्या. गाडी इतकी देखणी दिसली की मामेभाऊ सतरा इंची फोटो विसरला.

काढलेल्या टायरांचे काय करायचे, हाही प्रश्नच होता. एक मोटारवाला उभ्या-उभ्या विकत मागत होता. नक्षी पाहून त्याला ते नवेच वाटले. चाचांनी दिले नाहीत. एका मळेवाल्याची पाण्याच्या टाकीची एकबैली गाडी होती, जुन्या मोटारीच्या आसावर बसवलेली. दोन टायर चाचांनी त्याला फुकट दिले आणि स्वतःच्या हाताने बसवले. बैलाच्या चालीला ते अजून काही वर्षे पुरतील आणि फुटले तर पाणीच सांडेल. उरलेले दोन त्यांनी कडेची तार करवतीने कापून निकामी केले. जो टायर समृद्धीवर जीव घेईल, तोच मळ्यात उपयोगी पडतो. इस्राफ टाळायचा तो असा, हे मला व्याख्यान देताना सुचले नव्हते.

निकाहच्या दिवशी गाडी समृद्धीवर घातली नाही. ड्रम ब्रेकची म्हातारी गाडी, तिला १२० च्या गर्दीत नेणे चाचांना पसंत नव्हते. पुलगाव-वर्ध्याच्या जुन्या रस्त्याने, साठच्या वेगाने, ती मगरिबच्या आत नागपूरला पोचली.

त्या आठवड्यात मी जुन्या डायरीतून त्या तरुणाचा नंबर शोधला. तीनदा डायल करून ठेवून दिला, चौथ्यांदा बोललो. मी नाव सांगितले, टायरचे सांगितले, माफी मागितली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, गाडी त्याने २०१८ मध्येच विकली, पुढे ती कुठे गेली ते त्याला ठाऊक नाही. टायर मध्ये बदलले होते का, हे त्याला आठवत नव्हते. तो चांगला माणूस निघाला. "जाऊ द्या सर" म्हणाला. मी मुलाची चौकशी केली. तो आता चौथीत आहे.

फोन ठेवल्यावर मी बाहेर आलो. दारात माझी स्कूटर उभी होती. ओले फडके घेऊन खाली बसलो आणि तिच्या टायरवरचे आकडे शोधू लागलो.